हौसेच्या गाडीची राखण

घरांतील कांहीं वस्तु अशा असतात, कीं त्यांची किंमत विचारली असतां धनी क्षणभर घुटमळतो. बाजारांत त्या वस्तूस काय येईल हें त्यास ठाऊक असतें. परंतु तो आंकडा सांगून प्रश्नाचें खरें उत्तर झालें असें त्यास वाटत नाहीं. आजोबांच्या हातची सतार, आजीनें जपलेला शालू, बापलेकांनीं वर्षानुवर्षें खपून जोडलेली एखादी गाडी, या साऱ्या त्या जातीच्या वस्तु होत. अशी वस्तु चोरीस गेली तर विम्याचे पैसे कदाचित् हातीं येतात, पण वस्तु कांहीं येत नाहीं.

या लेखांत आम्ही असल्याच एका वस्तूविषयीं लिहिणार आहों. ती वस्तु अमेरिकेंतील असून तिचें नांव 'हॉट रॉड'. आमच्या वाचकांपैकीं अनेकांचीं मुलेंबाळें आज कॅलिफोर्नियांत संसार थाटून आहेत, आणि त्यांतील एखाद्यास तिकडील हा नाद लागला असल्यास नवल नाहीं. ज्यांचा या नादाशीं कांहींच संबंध नाहीं, त्यांनींही हा मजकूर वाचावा अशी आमची विनंति आहे. कारण ही गाडी राखण्याची जी मुख्य युक्ति आहे ती कोणत्याही घरास उपयोगी पडण्याजोगी आहे.

गाडीची कुळकथा

हॉट रॉड हें कोणत्याही कारखान्याच्या गाडीचें नांव नव्हे. एखादी जुनी, हलकी, बहुधा फोर्ड बनावटीची गाडी घ्यावयाची. तिचे मडगार्ड, टप व इतर अनावश्यक भार काढून टाकावयाचा. तिच्यांत मूळच्यापेक्षां जोरकस इंजिन बसवावयाचें. आणि ती वाऱ्याशीं स्पर्धा करील अशी तिची नवी घडण करावयाची, या खटाटोपांतून जी गाडी निर्माण होते तिला हॉट रॉड म्हणतात. दक्षिण कॅलिफोर्नियांतील तरुणांनीं पहिल्या महायुद्धानंतरच्या काळांत हा उद्योग आरंभिला. हेन्री फोर्डच्या कारखान्यानें १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटी मॉडेल-टी गाड्या तयार केल्या होत्या. त्यामुळें वापरून जुनी झालेली गाडी अगदीं अल्प मोलानें मिळे. शर्यतीकरितां म्युरॉक व एल् मिराज येथील आटलेल्या सरोवरांचीं विस्तीर्ण मैदानें होतीं.

पुढें १९३२ सालीं फोर्डनें आठ सिलिंडरांचें 'व्ही-एट' इंजिन सामान्य माणसाच्या गाडींत बसविलें. पासष्ट अश्वशक्तीची ती गाडी सुमारें पांचशें डॉलरांस मिळे. त्या सालच्या फोर्डला हे हौशी लोक लाडानें 'ड्यूस' म्हणतात, आणि आपल्याकडे पैठणीस जो मान तो त्यांच्या जगांत तिला आहे. १९३७ सालीं या शर्यतींस शिस्त लावण्याकरितां 'सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन' ही संस्था स्थापन झाली, व जानेवारी १९४८ मध्यें 'हॉट रॉड' याच नांवाचें मासिक निघालें. १९७३ सालच्या 'अमेरिकन ग्राफिटी' या चित्रपटांत १९३२ ची एक पिवळी फोर्ड आहे. तिनें ज्यांचें मन वेधून घेतलें ते त्या वेळचे तरुण आज आजोबा झाले आहेत.

अशी एक गाडी पुरी होण्यास कित्येक वर्षें लागतात. शनिवार-रविवारची सुटी, पगारांतून बाजूस काढलेले पैसे, जुन्या भंगाराच्या आवारांतून शोधून आणलेले भाग, आणि शेजाऱ्यानें उसने दिलेले हात, हीं सारीं तिच्यांत गेलेलीं असतात. दोन गाड्या एकसारख्या कधींच नसतात. म्हणून ती गेली तर दुसरी विकत आणूं, असें म्हणण्याची सोय नसते.

चोराची सोय

मोटारींची चोरी मोटारींइतकीच जुनी आहे. १९१९ सालींच अमेरिकन काँग्रेसनें, चोरलेली मोटार एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत नेणें हा संघराज्याचा गुन्हा ठरविला. तेव्हांपासून कारखानदारांनीं आपल्या गाड्या अधिकाधिक बंदोबस्ताच्या केल्या. आजच्या गाडीच्या किल्लींत एक इवलीशी विद्युत्-खूण दडविलेली असते. ती पटल्याखेरीज इंजिन पेट घेत नाहीं. युरोपांत १९९८ पासून नव्या मोटारींस अशी योजना सक्तीची झाली.

हॉट रॉडमध्यें यांतील कांहींच नाहीं. १९३२ च्या फोर्डला मुळांत इंजिनाच्या किल्लीबरोबरच स्टिअरिंग अडकविणारें एक कुलूप होतें. परंतु गाडी नव्यानें बांधतांना हौशी मंडळी तो जुना दांडा काढून दुसरा घालतात, आणि त्याबरोबर तें कुलूपही जातें. पुष्कळ गाड्यांत किल्लीच्या जागीं एक साधा खटका व एक बटण असतें. कित्येकींस टप नसतो, कित्येकींस दारें नसतात. वजन इतकें कमी, कीं तिघेचौघे मिळून इंजिनाचा आवाजही न करतां ती ढकलीत नेऊं शकतात.

परंतु याहूनही मोठी सोय निराळीच आहे. कारखान्याच्या गाडीस जन्मापासून एक क्रमांक असतो. अमेरिकेंत १९८१ पासून तो सतरा अक्षरांकांचा, ठरीव पद्धतीचा असतो व गाडीवर अनेक ठिकाणीं आढळतो. हॉट रॉडची गोष्ट तशी नाहीं. तिचा सांगाडा एका गाडीचा, वरचें अंग दुसरीचें, मागचा आंस तिसरीचा, आणि इंजिन बहुधा १९५५ नंतरच्या शेव्हरोलेचें. आजकाल तर १९३२ च्या घाटाचीं पोलादी व फायबरचीं नवीं अंगेंही विकत मिळतात. जुन्या नोंदणीपत्रांत पुष्कळदां इंजिनाचा क्रमांक लिहिलेला असतो, आणि तें इंजिन चाळीस वर्षांपूर्वींच भंगारांत गेलेलें असतें! अशी गाडी चोरानें रातोरात उलगडली, इंजिन एका गांवीं व चाकें दुसऱ्या गांवीं विकलीं, अंगास नवा रंग दिला, तर ती आपलीच होती हें धन्यानें कशावरून सिद्ध करावें? नेण्यास सोपी आणि ओळखण्यास अवघड, असा हा दुहेरी पेंच आहे. राखणीचा विचारही म्हणून दोन अंगांनीं केला पाहिजे.

वेळ खाणारीं कुलुपें

पहिलें अंग अर्थात् अडथळ्याचें. येथें एक गोष्ट प्रथमच मनांत पक्की करावी. निश्चयी चोरास पुरतें अडवील असें कुलूप अद्याप झालेलें नाहीं. कुलूप त्याचा वेळ खातें, एवढेंच त्याच्याकडून मागावें. चोरास अंधार, शांतता व घाई यांचें भांडवल असतें; त्याचें काम जितकें लांबेल व जितका आवाज होईल तितकें तें भांडवल आटतें. याकरितां एकच भारी कुलूप घालण्यापेक्षां निरनिराळ्या जातींचे दोनतीन अडथळे घालावे, हें बरें.

सर्वांत स्वस्त उपाय जुन्या इंजिनांच्या रचनेंतच आहे. या इंजिनांत ठिणगी वांटून देणारें जें डिस्ट्रिब्यूटर असतें, त्याच्या झांकणाखालीं 'रोटर' नांवाचा अंगठ्याएवढा भाग फिरतो. तो काढून खिशांत घातला कीं इंजिन कितीही फिरविलें तरी पेटत नाहीं. १९४० सालीं शत्रु इंग्लंडांत उतरेल अशी धास्ती होती, तेव्हां तेथील सरकारनें धन्याच्या नजरेआड उभ्या असलेल्या मोटारी निकामी करून ठेवण्याचा हुकूम काढला, आणि त्या काळीं घरोघर लोक हा रोटरच काढून नेत. जो उपाय परचक्राच्या भयानें एका राष्ट्रानें अवलंबिला, तो भुरट्या चोरासाठींही पुष्कळ आहे. मात्र रोटर विकत मिळतो व जाणता चोर तो बरोबर आणूं शकतो, हें विसरूं नये.

दुसरा उपाय बॅटरीचा प्रवाह तोडणाऱ्या कळीचा. तिची मूठ काढून नेतां येईल अशी कळ घ्यावी व ती सहज दिसणार नाहीं अशा जागीं बसवावी. तिच्यामुळें चोरीस आळा बसतोच. शिवाय जुन्या तारांमुळें आग लागण्याचें भयही गाडी उभी असतांना कमी होतें. हें काम तारांच्या जाणत्या कारागिराकडूनच करवावें. ढिल्या जोडामुळें भर रस्त्यांत इंजिन बंद पडलें तर चोर परवडला असें म्हणावयाची पाळी येईल. तिसरा उपाय पेट्रोलच्या नळीवरील तोटीचा. ती बंद असली तरी कार्बोरेटरमध्यें उरलेल्या पेट्रोलावर गाडी थोडा वेळ चालते आणि मग चौकांत उभी राहते. अशा ठिकाणीं चोर बहुधा गाडी सोडून पळतो.

हलक्या हॉट रॉडांत व शर्यतीच्या गाड्यांत स्टिअरिंगचें चाक एका खटक्यासरशीं काढतां येईल अशी योजना असते. हें चाक हातांत घेऊन उपाहारगृहांत शिरणारा मनुष्य थोडा विचित्र दिसतो खरा. परंतु त्याची गाडी कोणी हांकून नेणार नाहीं. घरीं मात्र गाडी हांकण्यापेक्षां ओढून नेण्याचें भय अधिक, म्हणून तेथें जमिनींत काँक्रीटमध्यें पक्कें कडें पुरून जाड साखळीनें आंस बांधून टाकावा. घरची रोजची मोटार तिच्यापुढें आडवी लावावी. लांबच्या मुदतीस गांवीं जाणें झाल्यास चाकें काढून गाडी लाकडी ठोकळ्यांवर ठेवावी.

हे गुप्त खटके घरांत आणखी एका माणसास माहीत असलेच पाहिजेत. पतीनें कळ कोठें लपविली आहे हें पत्नीस ठाऊक नाहीं, आणि आग लागली असतां वा पति रुग्णालयांत असतां गाडी हलवितां येत नाहीं, असा प्रसंग येऊं देऊं नये.

प्रवास आणि बोलघेवडेपणा

हॉट रॉड घरांत कुलुपबंद ठेवण्याकरितां कोणी बांधीत नाहीं. उन्हाळ्यांत गांवोगांवीं मेळे भरतात व हौशी मंडळी शेंकडों मैलांवरून आपल्या गाड्या ट्रेलरवर घालून नेतात. याच प्रवासांत पुष्कळ चोऱ्या होतात. रात्रीं प्रवासी धर्मशाळेसारख्या मोटेलमध्यें निजलेला असतो, आणि बाहेरच्या पटांगणांतून चोर अख्खा ट्रेलरच आपल्या गाडीस जोडून चालता होतो! दहा कुलुपें लावलेली हॉट रॉड आंत तशीच सुरक्षित असते. फक्त ती धन्यापाशीं नसते. म्हणून ट्रेलरच्या जोडावर वेगळें कुलूप असावें, त्याचें एक चाक जखडलेलें असावें, आणि त्याची मागची बाजू भिंतीस टेकवून, जोडाकडील टोंक आपल्या मोटारीनें अडवून तो उभा करावा. खोली शक्य तर खिडकींतून ट्रेलर दिसेल अशी मागून घ्यावी.

दुसरें भय आपल्या जिभेचें, आणि आतां आपल्या दूरध्वनींतील छायाचित्रांचें. नवी गाडी पुरी झाली कीं तिचें चित्र चारचौघांस दाखवावें असें कोणास वाटणार नाहीं? तें दाखवावें; परंतु घराचा क्रमांक, रस्त्याची पाटी, गॅरेजच्या दाराची कडी व आंतील हत्यारांची मांडणी त्यांत येऊं देऊं नये. "पुढला आठवडाभर आम्ही बाहेरगांवीं आहों," ही वार्ता तर परत आल्यावरच सांगावी. गाडी विकावयास काढली असतां पाहण्यास येणाऱ्या अपरिचितास घरीं न बोलावतां एखाद्या वर्दळीच्या जागीं भेटावें.

ठिकाण कळविणारीं यंत्रेंही आतां सुलभ झालीं आहेत. अमेरिकेंत १९८६ सालीं मॅसॅच्युसेट्स राज्यांत रेडिओलहरींनीं चोरलेली गाडी शोधण्याची 'लोजॅक' ही योजना प्रथम सुरू झाली. आतां उपग्रहांच्या आधारें चालणारीं लहान यंत्रें मिळतात. २०२१ पासून मिळणारी 'एअरटॅग' नांवाची टिकलीही पुष्कळ लोक गाडींत दडवितात. तिच्यांत एक अडचण मात्र आहे. कोणा निरपराध्याचा चोरून पाठलाग होऊं नये म्हणून, परकी टिकली आपल्याबरोबर प्रवास करीत आहे अशी सूचना ती जवळच्या माणसाच्या दूरध्वनीवर पाठविते; चोरासही ती सूचना मिळूं शकते. यास्तव केवळ तिच्यावर विसंबूं नये. आणि यंत्रानें ठिकाण दाखविलें तरी तेथें स्वतः धांवून न जातां पोलिसांस घेऊन जावें. गाडी पुन्हा बांधतां येईल. घरचा कर्ता पुरुष पुन्हा मिळावयाचा नाहीं.

वस्तूची ओळख

आतां दुसरें अंग. आमच्या मतें खरी राखण येथें आहे, आणि हौशी लोक नेमकी हिचीच हयगय करितात. कुलुपांवर शेंकडों डॉलर खर्च करणारा मनुष्य एका वहीस व पांचपन्नास छायाचित्रांस महाग असतो.

१९७० सालीं फिलाडेल्फिया शहरांतून एका तरुणाची १९६७ ची ऑस्टिन-हीली मोटार चोरीस गेली. त्यानें तिचें मालकीपत्र व किल्ल्या फेंकून दिल्या नाहींत. बेचाळीस वर्षांनीं, २०१२ सालीं, ई-बे या विक्रीच्या जागीं त्यास तीच गाडी लॉस एंजेलीस येथें विकावयास ठेवलेली दिसली. पोलिसांच्या राष्ट्रीय नोंदींत तिचा क्रमांक चुकीचा उतरला होता, म्हणून प्रथम ती चोरीची ठरेना. परंतु मालकीपत्र हातीं होतें, त्यावरून ती नोंद सुधारली गेली आणि गाडी परत मिळाली. १९६९ च्या आरंभीं न्यूयॉर्कमधून गेलेली एक कॉर्व्हेट सदतीस वर्षांनीं स्वीडनला जाण्याच्या वाटेवर कॅलिफोर्नियांत सांपडली, तीही क्रमांकाच्याच पडताळ्यानें. 'पल्प फिक्शन' या चित्रपटांतील लाल शेव्हरोले मॅलिबू दिग्दर्शक क्वेंटिन टॅरंटिनो यांच्या मालकीची होती. १९९४ सालीं ती चोरीस गेली आणि २०१३ सालीं हातीं आली. तिच्यावरील क्रमांक बदललेला होता.

या तिन्ही गाड्या कारखान्याच्या होत्या. त्यांस जन्मतः ओळख होती. हॉट रॉडला ती तिच्या धन्यानेंच द्यावी लागते. १९३२ च्या व्ही-एट फोर्डचा क्रमांक १८ या आंकड्यानें सुरू होतो, आणि तो सांगाड्याच्या डाव्या तुळईवर ठोकलेला असतो. त्यांतील कांहीं ठसे वरच्या अंगाखालीं झांकले जातात. गाडी उलगडलेली असतांनाच हे ठसे शोधून त्यांचीं छायाचित्रें काढून ठेवावीं. सांगाडा नवा असेल तर अनेक राज्यांत सरकार तपासणी करून स्वतःच्या क्रमांकाची पट्टी देतें. ती रीतसर मिळवावी, व नोंदणीपत्रावरील क्रमांक गाडीवर कोठें आहे हें स्वतः पाहून घ्यावें. इंजिन, गिअरची पेटी, आंस, कार्बोरेटर या प्रत्येकाचे क्रमांक वहींत टिपावे. याखेरीज सहज दिसणार नाहींत अशा चारपांच जागीं आपली खूण कोरावी. जोडकामांतील एखादा वांकडा सांधा, बुजविलेलें भोंक, आंतून ठेवलेला मूळ रंगाचा ठिपका, हीं व्यंगें नव्हेत. न्यायालयांत तींच आपलीं साक्षी होतात.

ही वही, पावत्या व छायाचित्रें गाडींत किंवा गॅरेजांत ठेवूं नयेत. एक प्रत घरांतील कपाटांत व दुसरी परगांवच्या नातलगाकडे असावी. विमा उतरवितांना याच वहीचा उपयोग होतो. साधा विमा जुन्या गाडीची घटलेली बाजारकिंमत देतो. हौसेच्या गाड्यांकरितां दोन्ही पक्षांनीं आधींच ठरविलेल्या किंमतीचा विमा मिळतो, तोच घ्यावा, व गाडींत भर पडेल तसा तो वाढवावा. चोरी झालीच तर त्याच घटकेस पोलिसांत वर्दी द्यावी, आणि एफ्.बी.आय्.च्या १९६७ पासून चालत असलेल्या राष्ट्रीय नोंदींत आपला क्रमांक अक्षरशः बरोबर उतरला आहे कीं नाहीं याची खात्री करून घ्यावी. त्या ऑस्टिन-हीलीची कथा या एका गोष्टीसाठीं तरी लक्षांत राहावी.

या वहीचा उपकार आपल्यापुरताच नाहीं. चोर पैसे घेऊन निघून जातो, आणि ज्यानें भाबडेपणानें ती गाडी विकत घेतली त्याच्याकडून ती पुढें कधींतरी काढून घेतली जाते. चोरापासून विकत घेणाऱ्यास मालकी मिळत नाहीं, असा तिकडील कायदा आहे. गाडीची ओळख स्पष्ट असली तर असा दुसरा निरपराधी मनुष्यही वांचतो.

आपल्याकडील गोष्ट

आपल्या देशांत हॉट रॉडचा प्रसार नाहीं व होण्याचा संभवही थोडा. १९८८ च्या मोटार कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत असा फेरफार करतां येत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानेंही जानेवारी २०१९ मध्यें तसाच निर्णय दिला. परंतु मूळ रूपांत जपलेल्या जुन्या गाड्यांचा मान आपल्याकडेही वाढत आहे. २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपांत राखलेल्या गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम केले. त्यांच्या क्रमांकांत 'व्हीए' हीं अक्षरें असतात. पुण्यामुंबईच्या कित्येक घरांत वडिलांची फियाट, आजोबांची जीप किंवा पहिल्या पगाराची स्कूटर अजून आच्छादनाखालीं उभी आहे. तिचा सांगाड्याचा क्रमांक किती घरांत लिहून ठेवलेला असेल? तिचीं कागदपत्रें कोठें आहेत हें घरांतील किती माणसांस सांगतां येईल?

येत्या रविवारीं अर्धा तास काढून तें आच्छादन दूर करावें. मुलांस हाताशीं घ्यावें. एकानें विजेरी धरावी, दुसऱ्यानें क्रमांक वाचावा, तिसऱ्यानें तो वहींत उतरावा व मोठ्यांनीं तो नोंदणीपत्राशीं ताडून पाहावा. ती गाडी कोणी, कधीं व कशी घेतली ही हकीकतही त्याच पानावर लिहावी. चोर येवो अथवा न येवो, घरांतील एका वस्तूची कथा पुढल्या पिढीच्या हातीं लागेल. आणि कधीं काळीं ती वस्तु नाहींशी झालीच, तर ती आमची होती असें सांगावयास आपल्यापाशीं एक लेखी शब्द राहील.